सीआरपीबद्दल माझं मत का बदललं

विषाणूची लागण झालेल्या दहा जणांपैकी कोण अत्यवस्थ होणार हे आधी कळेल का, असं मला २०२० साली कुणी विचारलं असतं, तर मी ठामपणे म्हटलं असतं, हो, रक्तातून कळेल. बंगळुरूतल्या एका प्रयोगशाळेत मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, एलडीएच, आयएल-सिक्स ही नावं कोविडमुळे घराघरांत पोचली. माझ्या तोंडी ती त्याआधीपासून रोजची होती. आज त्याच प्रश्नाचं उत्तर मी वेगळं देते. ते का, हे सांगावंसं वाटतं, कारण दर पावसाळ्यात तापाची साथ आली की लोक हेच आकडे घेऊन पुन्हा विचारू लागतात.

माझ्या आधीच्या मताला आधार भक्कम होता. सीआरपी हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठे दाह सुरू झाला की पेशी आयएल-सिक्स नावाचा रेणू सोडतात. त्याचा निरोप यकृताला पोचला की यकृत सीआरपी तयार करू लागतं. काही तासांत पातळी चढते, दोनेक दिवसांत शिगेला पोचते आणि दाह थांबला की दर १९ तासांनी साधारण निम्मी होत उतरते. ताप गोळीने दबतो, दुखणं माणूस अंगावर काढतो, पण सीआरपी लपत नाही, असं मी नव्या तंत्रज्ञांना सांगत असे. यात आजही काही खोटं नाही.

मे २०२० मध्ये वुहानच्या तोंगजी रुग्णालयातल्या ४८५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एलडीएच, लिम्फोसाइट आणि सीआरपी या तीनच आकड्यांवरून कोण दगावण्याचा धोका आहे ते दहा दिवस आधी, नव्वद टक्क्यांहून अधिक अचूक सांगता येतं, असं त्यात म्हटलं होतं. वाचून मला मोठा धीर आला. खाटा थोड्या आणि रुग्ण जास्त, अशा दिवसांत आधी कुणाला दाखल करायचं हे दोन नळ्या रक्तावरून ठरवता आलं तर आणखी काय हवं?

मग एप्रिल २०२१ उजाडला. बंगळुरूत रुग्णालयाची खाट मिळवायची तर आधी बीयू नंबर, म्हणजे कोविड रुग्णाला मिळणारा ओळख क्रमांक हवा, मग महापालिकेच्या वॉर रूमचा फोन लागायला हवा. खाट मिळेल की नाही याची खात्री नसलेली माणसं घरी बसून रक्त तपासून घेत होती. ‘कोविड प्रोफाइल’ नावाची पॅकेजं निघाली होती. घरोघरी जाऊन रक्त काढणारी आमची मुलं पीपीई किटमध्ये घामाने निथळत परतायची आणि रॅकमध्ये पिवळ्या, जांभळ्या, निळ्या टोपीच्या नळ्या खच्चून भरलेल्या असायच्या. डी-डायमरची निळी नळी खुणेपर्यंत भरावी लागते. आतल्या सायट्रेटच्या नऊपट रक्त हवं, थोडं जरी कमी पडलं तरी आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्या गर्दीत अर्धवट भरलेल्या कितीतरी नळ्या आम्हाला परत पाठवाव्या लागल्या.

त्या दिवसांतला एक प्रसंग माझ्या मनात घर करून आहे. ओळखीतल्या एका मराठी मुलाने वडिलांचे दोन रिपोर्ट मला पाठवले. आधीच्या रिपोर्टमध्ये सीआरपी ६२, दोन दिवसांनंतरच्या दुसऱ्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये ५.८. “ताई, बाबा बरे होतायत ना?” पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति लिटर होता, दुसरा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे दुसरा आकडा खरं तर ५८ होता, सीआरपी जवळपास तिथेच अडकला होता. मी विचारलं, “बाबा एका दमात किती बोलू शकतात?” तो बाबांच्या खोलीत गेला आणि येऊन म्हणाला, “दोन शब्दांवर थांबतायत.” ऑक्सिमीटर लावायला सांगितला, तो ८८ दाखवत होता. त्यांना त्याच रात्री दाखल केलं आणि ते वाचले. निर्णय घ्यायला लागणारी सगळी माहिती त्या घरात होती, आणि सगळ्यांचे डोळे मात्र रिपोर्टवर होते.

त्याच सुमारास, ३ मे २०२१ रोजी, एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं, की लक्षणं सौम्य असतील आणि ऑक्सिजन नीट असेल तर सीटी स्कॅन आणि या रक्तचाचण्यांची गरज नाही. त्यातून घबराट वाढते आणि आकडा पाहून लवकर स्टेरॉइड दिली तर अपाय होतो. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आगाऊ माहिती मिळत असेल तर ती नको का म्हणायचं, असं वाटलं होतं.

मत पालटलं ते पुढे हळूहळू, वाचता वाचता. वुहानचा तो नियम न्यूयॉर्क, नेदरलँड्स आणि फ्रान्समधल्या रुग्णांना लावून पाहिला गेला आणि तिथे तो टिकला नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. ज्या रुग्णांवरून तो नियम बेतला होता त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले होते, आणि हिशेबात त्यांचे शेवटचे नमुने धरले होते. मृत्यूच्या दारात पोचलेल्या माणसाचं रक्त मृत्यूबद्दल सांगणारच. पहिल्या दिवशी खोकत आलेल्या माणसाचं रक्त तेवढं सांगत नाही.

मग कोविड रुग्णाच्या मृत्यूचा धोका मोजणारा ब्रिटनमधला ‘फोर-सी’ गुणांक मी नीट अभ्यासला. तो ३५ हजारांहून अधिक दाखल रुग्णांच्या नोंदींवरून तयार झाला आणि आणखी २२ हजारांवर पडताळला गेला. त्यात एकूण २१ गुण आहेत. वय ८० किंवा पुढे असेल तर ७. सीआरपी कितीही चढला तरी २. श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त असेल तरी २, ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली असेल तरी २. घड्याळ धरून श्वास मोजणाऱ्या सिस्टरची नोंद आणि आमच्या महागड्या यंत्रावरचा आकडा, दोघांचं वजन सारखं. हे कोष्टक मी बराच वेळ बघत राहिले होते.

आणि सगळ्यात जास्त शिकवलं ते ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने. जून २०२० मध्ये तिने दाखवून दिलं, की डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने घटतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काहीच लाभ दिसला नाही, उलट अपायाची शंका राहिली. स्टेरॉइड कुणाला द्यायचं हे श्वासाने ठरवलं, सीआरपीने नाही. आपल्याकडे घरच्या घरी, केवळ आकडा वाढला म्हणून स्टेरॉइड सुरू झाली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने आलेल्या काळ्या बुरशीच्या रुग्णांसाठी मे २०२१ मध्ये इथल्या बाउरिंग रुग्णालयात वेगळी सोय करावी लागली.

त्याच चाचणीत सीआरपीला त्याची खरी जागाही मिळाली. आयएल-सिक्सचा निरोप अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध ऑक्सिजन कमी असलेल्या आणि त्याच वेळी सीआरपी ७५ किंवा अधिक असलेल्या रुग्णांत तपासलं गेलं. शंभरातले ३५ दगावत होते, ते ३१ वर आले. इथे आकड्याने भविष्य सांगितलं नाही, औषध कुणाला द्यायचं ते सांगितलं. आणि औषध दिल्यावर तोच आकडा मुका होतो. निरोपच अडवल्यामुळे यकृत सीआरपी बनवणं थांबवतं, मग आत दुसरा जंतुसंसर्ग पेटला तरी रिपोर्ट छान दिसू शकतो.

म्हणून आज माझं म्हणणं असं आहे: दाहाच्या आकड्याला स्वतःचं मोल नाही, त्यावर अवलंबून असलेल्या निर्णयाला आहे. सगळ्या चाचण्या म्हणजे लूट, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी गेलेले नाही. दाखल झालेल्या मध्यम आजारी रुग्णाचा सीआरपी आणि डी-डायमर दोन-तीन दिवसांनी बघावा, हे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही होतं आणि ते योग्यच होतं. तिथे डॉक्टर शेजारी असतो आणि आकडा त्याच्या हाती पडतो.

डेंग्यूतही हेच दिसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटकात डेंग्यू साथरोग म्हणून अधिसूचित झाला. त्या मोसमात फोन यायचे ते प्लेटलेट आणि फेरिटिनसाठी. मी विचारायचे, ताप उतरलाय का? कारण डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात सतत दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवी कमी झालीय का? आणि रक्तच बघायचं तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, चढतोय का ते बघा, कारण सलाइन किती द्यायचं हे त्यावर ठरतं.

आमच्याच शहरात, भारतीय विज्ञान संस्थेत, नागसुमा चंद्रा यांच्या गटाने २०२१ मध्ये रक्तातल्या दहा जनुकांची एक खूण मांडली. ताप विषाणूचा की जिवाणूचा, हे ओळखण्यासाठी ती आहे. मला हे काम मोलाचं वाटतं, कारण त्या उत्तरावर अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे ठरू शकतं.

तेव्हा तापात रक्त द्यायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आकडा जास्त आला तर काय करणार, आणि कमी आला तर काय? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर ती चाचणी आज नको. उत्तरं वेगळी असतील तर सॅम्पल लगेच पाठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी आम्ही ते लावू.