चालेल की चालत राहील?

आपल्या बोलण्यात ‘चालेल’ या शब्दाइतका राबणारा शब्द दुसरा नसेल. चहात साखर कमी पडली, चालेल. सही उद्या केली तरी चालेल. बेळगावात आमच्या घरी आम्ही ‘चालतंय’ म्हणतो आणि तीच गोष्ट भिंतीपलीकडच्या कन्नड घरातून ‘नडीतद’ म्हणून ऐकू येते. सुटीत मामांकडे सुरतेला गेलो, तेव्हा कळले की गुजरातीत हिचेच नाव ‘चालशे’. तिन्ही भाषांत मूळ क्रियापद पायी चालण्याचेच! माणसे निभावून नेण्याला ‘चालणे’ का म्हणतात, हा भाषेच्या प्राध्यापकांचा विषय आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. या शब्दाची किंमत किती, एवढेच मला पाहायचे होते, आणि ती मला उधन्याच्या एका लहानशा गॅरेजात, बोटभर लांबीच्या आठ लोखंडी तुकड्यांच्या निमित्ताने पाहायला मिळाली.

सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांची स्वारी आठवते, नाहीतर साड्या आणि हिरे. पण या शहरात मराठी माणूसही मोठ्या संख्येने आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबे भुसावळ-सुरत लोहमार्गाने येथे आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत रुजली. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही येथे आहेत. माझे मामा मात्र बेळगावहून गेलेले. आधी मागाच्या कारखान्यात फिटर होते, पुढे स्वतःचे गॅरेज काढले. मी गेलो की हिशेबाची वही माझ्या स्वाधीन होते.

त्या सुटीत गॅरेजात एक पाहुणी होती. १९६० च्या दशकातली फोक्सवॅगन बीटल. कासवासारखी पाठ, इंजिन मागे, आणि रेडिएटर नाहीच. पाण्याऐवजी पंख्याचा वारा आणि तेल यांवरच इंजिन थंड राहते. जगभरात अशा दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. शेवटची जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला येथे बाहेर पडली. आमच्या पाहुणीचे मालक अडाजणचे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, त्या पुरात ही गाडी बुडाली आणि तेव्हापासून उभीच होती. मालक आता पंचाहत्तरी ओलांडलेले. मामांना ते एवढेच म्हणाले, “एकदा डुमसच्या किनाऱ्यापर्यंत स्वतः चालवत जायचे आहे. मग मुलगा काय करील ते करील.” काम उक्ते ठरले होते. म्हणजे इंजिन पुन्हा खोलावे लागले, तर तो खर्च मामांचा.

इंजिन खोलल्यावर प्रश्न निघाला टॅपेटचा. ज्यांनी टॅपेट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घेणारा एक आणि धूर बाहेर सोडणारा एक, असे प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असतात. ते वेळेवर उघडावेत म्हणून कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरतो. त्याच्या उंचवट्यावर टॅपेटचा तळ टेकलेला असतो. उंचवटा आला की टॅपेट वर उचलला जातो, तो पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील, तर प्रत्येक टॅपेट पंधराशे वेळा वरखाली होतो. बीटलच्या इंजिनात चार सिलिंडर समोरासमोर आडवे असतात. टॅपेट आठ, पण कॅमवर उंचवटे चारच. एकेक उंचवटा डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक टॅपेट सांभाळतो. एका शिक्षकाने दोन वर्ग सांभाळावेत तसे!

टॅपेटचा तळ वरवर सपाट दिसतो, पण चांगल्या टॅपेटचा तळ मध्यभागी किंचित, केसाच्याही अंशाइतका, फुगीर असतो. त्यामुळे तो उचलला जाताना स्वतःभोवती थोडा थोडा फिरतो आणि झीज एका जागी न होता सगळीकडे वाटली जाते. हा फुगवटा गेला की फिरणे थांबते. फिरणे थांबले की टॅपेट आणि कॅम एकमेकांना खाऊ लागतात.

आता माझ्या विषयाकडे येतो. बीटलच्या टॅपेटचा तळ त्याच्या अंगापेक्षा रुंद, छत्रीसारखा असतो. त्यामुळे तो बाहेरून काढताच येत नाही. एक टॅपेट बदलायचा, तर इंजिन गाडीतून उतरवून त्याची मुख्य पेटी दोन भागांत उकलावी लागते. शिवाय या जुन्या इंजिनाला मुळात तेलाचा फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. झिजलेल्या टॅपेटची लोखंडी भुकटी जाळीतून पार होऊन तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत जाते. मी वहीत आकडे मांडले. एकूण खर्चाच्या शंभर रुपयांत टॅपेटचा वाटा चार रुपयांच्या आसपास होता, पण ते चार बिघडले तर उरलेल्या शहाण्णवांतले बरेचसे पुन्हा खर्च करावे लागणार. वस्तूची किंमत आणि वस्तू फसल्याची किंमत, हे दोन आकडे परिव्यय लेखांकनाच्या तासाला शिकलो होतो. इतक्या स्पष्टपणे मात्र ते कधी दिसले नव्हते.

मामांपुढे तीन वाटा होत्या. पहिली, जुनेच टॅपेट घासून पुन्हा बसवायचे. दुसरी, बाजारात मिळणारा स्वस्त, नाव नसलेल्या खोक्यातला संच. तिसरी, माहितीतल्या कारखान्याचा संच. तो दुप्पट-अडीचपट महाग आणि मुंबईहून मागवावा लागणार. दुसऱ्या वाटेचा दुकानदार फोनवर म्हणाला, “चालशे, मामा, चालशे!” मामा हसले, पण त्यांचे मन दुसरीकडे होते. काही वर्षांपूर्वी असाच एक निनावी संच त्यांनी दुसऱ्या गाडीत बसवला होता. थोडेच किलोमीटर झाले आणि टकटक सुरू झाली. विकणाऱ्याने हात वर केले आणि मामांनी ते इंजिन पदरच्या पैशाने पुन्हा बांधले.

पहिल्या वाटेची परीक्षा आम्ही सुरतेच्या पद्धतीने केली. मामांचे शेजारी हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसतात. त्यांचा आयग्लास मागून आणला. महिधरपुऱ्याच्या बाजारात रस्त्यावर उभे राहून माणसे ज्या भिंगातून हिऱ्यातला डाग शोधतात, तेच हे दहापट मोठे दाखवणारे भिंग. आठांपैकी तीन टॅपेटच्या तळांवर गंजाने पडलेले खड्डे दिसले. उरलेले पाच घासून घेता आले असते. पण किती घासायचे? मी बेळगावला बाबांना फोन केला. बाबा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतकाम करतात. ते म्हणाले, “टॅपेट बिडाचा असेल, तर त्याचा तळ थंड धातूला टेकवून ओतलेला असतो. तिथे रस झटकन गोठतो आणि बीड पांढरे, काचेसारखे कडक होते. वरचे बीड राखाडी, मऊ. ही कडक साय थोडीच असते. साय घासून काढलीत तर खाली दूधच राहील.” यापेक्षा सोपे स्पष्टीकरण मला कोणी दिले नसते.

राहिली तिसरी वाट. पण महाग म्हणजे चांगले, असे तरी कशावरून? १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेव्हा घेणारा सगळ्याच मालाला सरासरी भाव देतो. मग चांगला माल विकणारा बाजारातून उठून जातो आणि वाईट माल उरतो. या विचाराबद्दल अकरलॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आमच्या आठ टॅपेटना हे सूत्र तंतोतंत लागू होते. कडकपणा डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो झिजल्यावर.

यावर कायद्याने एक लहानशी तरतूद ठेवली आहे. मालविक्री कायदा, १९३० मधला सर्वसाधारण नियम असा की खरेदीदाराने स्वतः सावध राहावे. पण कलम १६ त्याला अपवाद सांगते. माल कोणत्या विशिष्ट कामासाठी हवा आहे हे खरेदीदाराने विक्रेत्याला कळवले, त्याच्या जाणकारीवर आपण विसंबतो हे दाखवून दिले, आणि तसा माल पुरवणे हाच विक्रेत्याचा धंदा असेल, तर माल त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. नुसत्या व्यापारी नावाने वस्तू मागितली, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. वर्गात हे कलम आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. मामांनी मागणीपत्र लिहायला सांगितले, तेव्हा मी नुसते कंपनीचे नाव लिहिले नाही. इंजिन कोणते, कॅमशाफ्ट नवी कोणती, टॅपेट तिच्याशी जुळणारे हवेत, आणि निवड तुमच्या सल्ल्यावर सोपवीत आहोत, असे सविस्तर लिहिले. नव्या कॅमवर नवेच टॅपेट हवेत, जुन्याची सोयरीक जुन्याशीच, हा मामांचा नियम. तोही पत्रात घातला.

संच आला. मामांनी तोही डोळे मिटून घेतला नाही. बारीक कानशीचा कोपरा तळाच्या कडेला हलकेच लावायचा. ती घसरली तर टॅपेट कडक, रुतली तर मऊ. मग दोन टॅपेट तळाला तळ लावून उजेडासमोर धरायचे. किंचित डुलले आणि कडेला उजेडाची रेघ दिसली तर फुगवटा शाबूत. सात उतरले, आठवा डुलेना. पत्राची प्रत जोडून तो परत पाठवला आणि आठवड्यात बदलून आला. विक्रेत्याने एका शब्दानेही वाद घातला नाही. मामा म्हणाले, “भाच्या, तुझ्या कलमाचा उपयोग झाला की काय!” मला वाटते, कलमाइतकाच त्या विक्रेत्याच्या सचोटीचाही झाला.

बाकीची काळजी बांधणीची. तळांना आणि कॅमला खास मलम लावले. तेल जस्ताचे प्रमाण राखलेले निवडले. धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणाला फॉस्फरस बाधतो, म्हणून नव्या गाड्यांच्या तेलांत जस्त-फॉस्फरसचे संयुग कमी केलेले असते. जुन्या टॅपेटना मात्र त्याचाच आधार. इंजिन प्रथम सुरू झाले ते मंद ठेवले नाही, सुमारे दोन हजार फेऱ्यांवर वीस मिनिटे चालवले, कारण मंद गतीत कॅमवर तेल पुरेसे उडत नाही. मग थंड झाल्यावर ०.१५ मि.मी.ची फट पुन्हा तपासली, तेल काढले आणि त्यात चुंबक फिरवला. चुंबकाला किरकोळ करडा थर लागला, कीस नाही. मालक बाजूला खुर्चीवर बसून होते. त्यांनी फक्त चुंबक पाहायला मागितला, आणि पाहून परत दिला.

पुढच्या रविवारी ते डुमसला जाऊन आले, असे मामांनी फोनवर सांगितले. तोपर्यंत मी बेळगावला परतलो होतो.

मित्रहो, ‘चालेल’ म्हणण्यात गैर काही नाही. चहाला, चपलेला, बसच्या सीटला हा शब्द शोभतो. पण जी वस्तू एकदा आत गेली की पुन्हा हाताला लागत नाही, तिच्याबाबत ‘चालेल का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘चालत राहील का?’ हेच विचारायला हवे, आणि उत्तर देणाऱ्याने ते लिहून द्यायला हवे. उद्या आपण कोणी लेखापाल होऊ, कोणी बँकेत जाऊ, कोणी दुकान काढू. आपल्याही कामाचा तळ कोणाच्या तरी कॅमवर टेकलेला असेल. तो कडक आहे की नुसता चकचकीत, हे पाहणारे भिंग गिऱ्हाइकाकडे असेलच असे नाही. ते आपल्याकडे असावे.

— बी. कॉम., तृतीय वर्ष