एक रिकामी जागा

पाडव्याच्या संध्याकाळी माझ्या मुलाने हाक मारली, "आई, वाडा गेला."

करंजीचं पीठ हाताला तसंच घेऊन मी खोलीत आले. पडद्यावर नुसतं गवत होतं. दोन मेंढ्या, एक ओढा, लांबवर टेकडी. दिंडी दरवाजाचा पत्ता नव्हता. हेडफोनमधून न्यू जर्सीच्या भाचीचा रडवेला आवाज आला, "मावशी, आपली विहीरपण नाहीये गं."

वाडा म्हणजे वाईचं माझं माहेर. खरा वाडा दोन वर्षांपूर्वी बिल्डरला दिला. पाडायच्या आधी आम्ही तिघी बहिणींनी कोपरा न कोपरा फोटोत घेतला आणि त्या फोटोंवरून मुलांनी तो माइनक्राफ्टमध्ये पुन्हा बांधायला घेतला. पुण्याहून माझा मुलगा, सोलापूरहून थोरला भाचा, न्यू जर्सीहून भाची. ओसरी, माजघर, बाळंतिणीची खोली, परसातली विहीर, मागे कृष्णेचा घाट. ओसरीला सोळा खांब झाले तेव्हा माझ्या आईने फोनवर सांगितलं, "सोळा नव्हे, बारा. मी रोज पुसलेत." मुलांनी चार खांब काढले आणि सगळी ओसरी नव्याने मांडली. वर्षभर हे चाललं होतं. त्यामुळे ते गवत बघून पोटात खड्डा पडला तो फक्त मुलांच्या नाही, माझ्याही.

सर्व्हर मी सांभाळते. सुरुवातीला तो घरच्या जुन्या लॅपटॉपवर होता. राउटरवर २५५६५ हा पोर्ट उघडूनही बाहेरून कुणाला आत येता येईना. राउटरला मिळालेला पत्ता १०० ने सुरू होणारा निघाला, तेव्हा कारण कळलं: इंटरनेट कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं बसवली होती. आपल्या राउटरवर पोर्ट उघडून उपयोग काय, वरचा दरवाजा कंपनीच्या हातात. मग मुंबईतला एक छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतला आणि तो प्रश्न मिटला.

दिवाळीत तिघं एकदम खेळायला लागली आणि अडखळणं सुरू झालं. दार उघडलं की क्षणभराने परत बंद दिसायचं, चार पावलं टाकली की मागे खेचल्यासारखं व्हायचं. न्यू जर्सीचं अंतर आहेच, त्याला कुणाचा इलाज नाही. पण सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, 'कान्ट कीप अप' ही ओळ वारंवार येत होती. खेळाचं जग सेकंदाला २० ठोक्यांनी चालतं, एका ठोक्याला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकेनासं होऊन सर्व्हर बराच मागे पडला की तो ही कबुली देतो. व्ह्यू-डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं जग दाखवायचं तो आकडा, १० असेल तर प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे जगाचे ४४१ चौकोन त्याला हाताळावे लागतात. ६ केलं तर १६९. आमच्या इवल्याशा सर्व्हरला हाच उतारा होता.

त्यातच आदल्या आठवड्यात कुणी अनोळखी माणूस आत येऊन घाटावर फिरून गेला होता. म्हणून व्हाइट-लिस्टही चालू करायची होती, म्हणजे यादीतल्या नावांनाच प्रवेश. भाच्याने व्हॉट्सॲपवर तीन ओळी लिहून पाठवल्या: जगाचं नाव वाडा, व्ह्यू-डिस्टन्स ६, व्हाइट-लिस्ट ट्रू. प्रत्येक ओळीपुढे, मला समजावं म्हणून, कंसात मराठीत खुलासा. मी त्या सेटिंगच्या फाइलीत चिकटवल्या, कंस एकेक करून खोडले, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि करंज्या तळायला गेले.

आता तीच फाइल उघडली तर व्ह्यू-डिस्टन्स १०. व्हाइट-लिस्ट फॉल्स. मी तर ६ आणि ट्रू लिहिलं होतं! मनात पहिला विचार आला तो त्या अनोळखी माणसाचा. दुसरा भाच्याचा, कारण पासवर्ड माझ्याखेरीज त्याच्याकडेच होता. "तू फाइलीत हात घातलास का रे?" मी विचारलं, आणि चांगलं विचारलं नाही. "नाही मावशी," एवढंच म्हणून तो गप्प झाला.

नशीब एवढंच की त्या घाईतही एक गोष्ट आधी केली: सर्व्हर थांबवला आणि होतं तसं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवलं. जग हरवल्यासारखं वाटतं तेव्हा ते परत आणायच्या धडपडीतच माणूस खरं नुकसान करून बसतो.

मग फाइल वरपासून वाचली. दुसऱ्या ओळीत तारीख-वेळ असते, ती फाइल सर्व्हरने शेवटची कधी लिहिली त्याची. वेळ होती मी सर्व्हर चालू केला त्याच मिनिटाची. म्हणजे आकडे कुणा माणसाने बदललेले नव्हते. सर्व्हरने माझं लिखाण वाचलं आणि स्वतःच्या समजुतीप्रमाणे परत लिहिलं होतं.

लॉगमध्ये एक ओळ असते, 'प्रिपेअरिंग लेव्हल', आणि पुढे अवतरणचिन्हांत जगाचं नाव. मी ती दोनदा नजरेखालून घातली होती. तिसऱ्यांदा दिसलं की वाडा या शब्दानंतर, अवतरण मिटायच्या आधी, एक रिकामी जागा आहे. फोल्डरांची यादी काढली. तिथे वाडा दोनदा होता. एक साधा. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेरी अवतरणचिन्हं, कारण नावात रिकामी जागा असली की लिनक्स ते नाव असं बांधून दाखवतं. साध्या फोल्डरात वर्षभराचं सगळं जसंच्या तसं होतं. गेलं काहीच नव्हतं. सर्व्हरने शेजारी, जवळजवळ त्याच नावाचं, कोरं जग उभं केलं होतं.

कंस खोडताना त्याच्याआधीची जागा मी तशीच ठेवली होती, तिन्ही ओळींत. ही फाइल जावाच्या पद्धतीने वाचली जाते, आणि त्या पद्धतीत बरोबरच्या चिन्हानंतरची रिकामी जागा गाळली जाते, ओळीच्या शेवटची मात्र गाळत नाहीत. नाव असेल तर जागा नावाचाच भाग होते. '६ आणि जागा' हा आकडा ठरत नाही, म्हणून सर्व्हर मूळचा १० घेतो. 'ट्रू आणि जागा' म्हणजे ट्रू नव्हे, मग फॉल्स. खात्री करायला मी मुद्दाम ६ पुढे जागा सोडून सर्व्हर चालू केला. फाइलीत १० परत आला. तक्रारीची एक ओळसुद्धा लॉगमध्ये नाही. एवढं मोठं काम करणाऱ्या प्रणालीने एवढं तरी सांगायला हवं, असं मला आजही मनापासून वाटतं.

तिन्ही जागा काढल्या. आता फाइल नुसती वाचत नाही, प्रत्येक ओळीच्या शेवटाला डॉलरचं चिन्ह लावून दाखवणारा आदेश चालवते. अक्षर आणि डॉलर यांच्यात फट दिसली की थांबते.

सर्व्हर उठला. माझ्या मुलाने आत पाऊल टाकलं तर दिंडी दरवाजा समोर. भाची धावत परसात गेली, विहिरीत डोकावली आणि मग ओसरीवर येऊन खांब मोजायला लागली, मोठ्याने, आजी मोजायची तसे. अडखळणं बरंच कमी झालं होतं.

मी भाच्याला फोन लावला. "तुला उगाच बोलले रे. चूक माझी होती, तुझे कंस खोडताना झाली."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी खुलासा खालच्या ओळीत लिहीन. पण आजीला यादीत घेतलंस का? ती सकाळी म्हणत होती, मला पण आत यायचंय."