पर्वरीचा पाहुणा

आमचे मेहुणे नाना तीस वर्षे अंबरनाथच्या एमआयडीसीत रात्रपाळीचे रखवालदार होते. चोर म्हणजे कुंपणाची तार वाकवून भंगार पळवणारा, एवढीच त्यांची व्याख्या. गोव्याला निघताना ते म्हणाले, "देवळे न् समुद्र मागाहून पाहू. आधी तो पर्वरीचा चोर दाखवा!"

पणजीहून मांडवीचा पूल ओलांडून म्हापशाच्या वाटेला लागले की पर्वरी येते. तेथे रस्त्याकाठी 'ओ कोकेरो' हे उपाहारगृह आहे. कोकेरो म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेत माड. येथली हिरव्या वाटणाची कोंबडी प्रसिद्ध. परंतु आम्ही गेलो तेव्हा गर्दी होती ती एका टेबलापाशी. तेथे चार्ल्स शोभराजचा पुतळा बसवलेला, आणि मंडळी त्याच्या खांद्यावर हात टाकून हसत फोटो काढून घेत होती!

हा काही नुसता दागिनेचोर नव्हे. 1971 साली दिल्लीच्या अशोक हॉटेलातल्या जवाहिऱ्याच्या दुकानावर त्याने हात मारला, आणि त्याच साली मुंबईत इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांच्या हाती तो सापडला. आजारपणाचे सोंग करून पुढे निसटला. मग आशियात भटकणाऱ्या तरुण परदेशी प्रवाशांशी गोड बोलावे, औषध पाजावे आणि लुटावे, हा त्याचा धंदा झाला. त्यांतली कित्येक पोरे घरी परतलीच नाहीत. फोटो काढणाऱ्यांना हे ठाऊक असेल काय?

1976 साली तो दिल्लीत पुन्हा गजाआड गेला. 16 मार्च 1986 रोजी तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून पळाला, आणि शोध पुन्हा झेंड्यांकडे आला. माग काढीत ते गोव्यात पोचले. परदेशी फोन लावण्याची सोय त्या काळी मोजक्याच ठिकाणी असे. त्यांतले एक हे उपाहारगृह. आज ना उद्या गडी येथे येणार, या हिशेबाने ते येथे दबा धरून बसले.

6 एप्रिलची रात्र. टॅक्सीतून दोघे उतरले, डोक्यावर उन्हाच्या टोप्या. रात्री उन्हाची टोपी कशाला? झेंड्यांनी निरखून पाहिले. पंधरा वर्षे लोटली होती, पण चेहरा ओळखीचा होता. "चार्ल्स!" म्हणून हाक मारून त्यांनी त्याला धरले. बेड्या जवळ नव्हत्या. उपाहारगृहातल्याच दोऱ्या मागून त्याला बांधला. कोकण रेल्वे अजून व्हायची होती. मोटारीत घालून, अंगावर तगडे शिपाई बसवून, त्याला मुंबईला आणला.

पुढे 1997 साली तो सुटला, 2003 साली काठमांडूत पुन्हा पकडला गेला आणि 2022 अखेर नेपाळच्या तुरुंगातून बाहेर पडला.

नाना सारे ऐकत होते. त्यांनी वाढप्याला विचारले, "आणि तो इन्स्पेक्टर कुठे बसला होता?"

वाढपी घोटाळला. मालकांना विचारतो म्हणाला आणि गेला तो गेलाच.

नानांनी वाट पाहिली नाही. भिंतीला पाठ लागेल आणि दार समोर दिसेल अशी एक खुर्ची त्यांनी स्वतःच निवडली. तेथे बसून कोंबडी संपेपर्यंत त्यांनी पुतळ्याकडे एकदाही पाहिले नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांवर मात्र नजर ठेवून होते.