दमा आणि जीवनसत्त्वाची गोळी

आमच्या एकत्र कुटुंबांत दम्याची व्यथा जुनी आहे. मामंजींना ती होती. आतां धाकट्या जावेच्या आठ वर्षांच्या मुलाला आहे. थंडी पडूं लागली कीं रात्रीं त्याची छाती वाजते आणि सारें घर जागें होतें. डॉक्टरांनीं सांगितलेला रोजचा पंप सासूबाईंच्या मनास येत नाहीं. "एकदां सवय लागली म्हणजे जन्माची बेडी!" असें त्या म्हणत. पंपाऐवजीं 'ड' जीवनसत्त्व द्यावें असें कोणीं तरी त्यांस सुचविलें, आणि शास्त्र शिकलेली सून म्हणून शोध घेण्याचें काम मजकडे आलें.

सासूबाईंची आशा निराधार नव्हती. वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणारी कॉक्रेन ही संस्था आहे. 'ड' जीवनसत्त्वानें दम्याचे तीव्र झटके कमी होत असावेत, असा तिच्या २०१६ च्या आढाव्याचा निष्कर्ष होता. पण तो मुख्यतः सौम्य वा मध्यम दम्याच्या प्रौढांपुरता. पुढें २०२० सालीं अमेरिकेंतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा ते सोळा वर्षांचीं १९२ मुलें. सर्वांच्या रक्तांत हें जीवनसत्त्व कमी. निम्म्यांना रोज ४००० युनिटें दिलीं, निम्म्यांना नुसतीच तशी दिसणारी गोळी. झटक्यांत फरक पडला नाहीं. अखेर २०२३ सालीं कॉक्रेननेंच वीस प्रयोग एकत्र पाहून आपला पूर्वीचा निष्कर्ष फिरविला.

हें ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझें शास्त्र आज होय म्हणतें, उद्यां नाहीं म्हणतें. मग पंपावर तरी विश्वास कां ठेवावा?"

प्रश्न रास्त होता. मीं म्हटलें, "आई, ह्या मुलांचा रोजचा पंप प्रयोगांत चालूच होता. गोळीनें त्यांत भर पडते का, एवढेंच पाहिलें. पंप सोडून गोळी द्या, असें कोणींच म्हटलेलें नाहीं." दम्यांत श्वासनलिकांना आंतून सूज असते. पंपांतलें औषध अगदीं अल्प प्रमाणांत थेट तेथें पोंचून ती सूज शमवितें. झटका नसतांनाही तो नेमानें घ्यावयाचा, तो याचसाठीं.

'ड' जीवनसत्त्वाची उणीव असल्यास हाडांसाठीं तें अवश्य द्यावें. परंतु डॉक्टरांस विचारून, कारण अतिरेकानें रक्तांतील चुना वाढून मूत्रपिंडांस अपाय होतो.

सासूबाईंचें मन पुरतें वळलें आहे असें नाहीं. तरी दिवेलागणीला पंपाची आठवण आतां त्याच देतात, व मागाहून मुलाला चूळ भरावयास लावतात. ज्या घरीं असें लेंकरूं असेल, तेथील वडील माणसांनीं एवढें मनावर घेतलें तरी पुष्कळ झालें.