न मागितलेला कागद

शिरूर आणि दौंड या शेजारच्या दोन तालुक्यांत परदेशी माणसं कुठे असतात, असं विचारलं तर बहुतेक जण रांजणगाव एमआयडीसीकडे बोट दाखवतील. एलजी कोरियाची, फियाट इटलीची, हायर चीनची. या कंपन्यांमुळे घोडनदीच्या काठावरच्या तालुक्याला कोरियन, इटालियन, चिनी इंजिनिअर नवे राहिलेले नाहीत. पण याच दोन तालुक्यांत दुसराही एक परदेशी आहे आणि त्याला परदेशी म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरपासून शिरूरपर्यंत, पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभपर्यंत, ढाब्याच्या भटारखान्यात, चायनीजच्या गाडीमागे, सोसायटीच्या गेटवर तो असतो. तो नेपाळचा नागरिक असतो आणि आपण त्याला बहादूर म्हणतो. त्याच्याकडे कुणी पासपोर्ट मागत नाही, व्हिसा मागत नाही, आणि याला आपण आपला मोकळेपणा समजतो. या पट्ट्यात राहून, ही माणसं येताना-जाताना पाहून माझं मत वेगळं झालं आहे. आपण त्याला कागद मागत नाही, म्हणूनच आपण त्याला कागद देतही नाही. उघड्या दाराची ही किंमत तो भरतो आणि ती कुठेच नोंदली जात नाही.

आधी कायद्याचं पाहू, कारण कायदा त्याच्या बाजूने आहे. 31 जुलै 1950 रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमानुसार एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहणं, मालमत्ता घेणं, व्यापारधंदा करणं आणि हिंडणं-फिरणं याबाबत तिथल्या नागरिकासारखीच मुभा मिळते. म्हणजे नेपाळी माणसाला इथे काम करायला वेगळा परवाना लागत नाही. रांजणगावातल्या कोरियन इंजिनिअरचं तसं नाही. त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो आणि काही अपवाद सोडले तर तो मिळण्यासाठी वर्षाचा पगार 16.25 लाख रुपयांहून जास्त असावा लागतो. त्याशिवाय परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. हे सगळं करायचं तर कंपनीला त्याच्याशी लेखी करार करावाच लागतो. पदाचं नाव, पगार, मुदत, पत्ता, सगळं कागदावर येतं. भविष्यनिर्वाह निधीच्या नियमांत तर नेपाळी नागरिकाला 1950 च्या याच करारामुळे 'आंतरराष्ट्रीय कामगार' न मानता भारतीय कामगारच मानलं आहे. कायद्याने इतकं जवळ घेतलेला दुसरा परदेशी आपल्याकडे क्वचितच सापडेल. तरीही एकाच तालुक्यातल्या या दोन परदेशी माणसांपैकी ज्याला सरकारने अडवून कागद मागितला, त्याच्या हातात कामाचा पुरावा आहे, आणि ज्याला मोकळं सोडलं, त्याच्या हातात काहीच नाही.

हा माणूस येतो तरी कुठून? नेपाळ हा डोंगराळ देश पर्यटनासाठी नावाजलेला आहे. एव्हरेस्ट, अन्नपूर्णा, लुंबिनी, पशुपतिनाथ यांमुळे 2019 साली तिथे सुमारे 12 लाख परदेशी पर्यटक गेले. पण पाहुण्यांचा पैसा काठमांडू, पोखरा आणि ट्रेकिंगच्या ठरावीक वाटांवरच जास्त फिरतो. सुदूरपश्चिम प्रदेशातल्या अछाम, बाजुरा, बझांग, डोटी अशा जिल्ह्यांत तो फारसा पोचत नाही. तिथली शेती वर्षाचं धान्य पुरवत नाही, म्हणून पिढ्यान्पिढ्या पुरुष काही महिने भारतात येतात. त्या भागात भारतात कामाला जाण्याला 'काला पहाड' जाणं म्हणतात, आणि या शब्दातच प्रवासाचं सगळं ओझं आहे. बनबसा किंवा रुपईडीहाच्या नाक्यावरून ते सीमा ओलांडतात आणि रेल्वेने खाली उतरतात. उत्तरेकडून मनमाडमार्गे पुण्याकडे येणाऱ्या गाड्या दौंडवरून जातात, त्यामुळे दौंडला उतरणं त्यांना सोपं जातं. बाहेरच्या माणसाला कामासाठी सामावून घेणं दौंडला नवं नाहीच. 1878 मध्ये दौंड-मनमाड लाइन सुरू झाली तेव्हापासून हे गाव रेल्वेच्या नोकरीसाठी आलेल्या परमुलखातल्या माणसांनीच वाढलं, आणि एके काळी तिथे अँग्लो-इंडियन कुटुंबांची चांगली वस्ती होती. फरक इतकाच की रेल्वेच्या माणसाचं नाव मस्टरवर होतं.

मस्टर नसलं की काम कसं मिळतं? ओळखीने. आधी आलेला चुलतभाऊ किंवा गाववाला शेठला सांगतो, शेठ म्हणतो, आण. तिसऱ्या दिवशी माणूस कामावर हजर. चायनीजच्या गाडीवर दुपारी कोबी-गाजर चिरायचं, नूडल्स उकडून तेल लावून ठेवायच्या, पाचला शेगडी पेटवायची आणि रात्री अकरा-बारापर्यंत कढईसमोरून हलायचं नाही. राहायला गाडीमागची खोली किंवा दुकानावरचा माळा. पगार ठरतो तो तोंडी, आणि बहुधा तो दर महिन्याला पूर्ण हातात येत नाही. खर्चापुरती उचल घ्यायची, बाकीची रक्कम शेठकडे जमा, गावी जाताना एकदम घ्यायची. उचल लिहायची वही गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये असते. तारीख, पाचशे, हजार, मोबाइल रिचार्ज, औषध, आणि शेवटी एक वजाबाकी. वही एकच आणि ती मालकाकडे. मालक सज्जन असेल तर हिशेब चोख होतो, आणि असे सज्जन मालक इथे पुष्कळ आहेत. पण हिशेब चोख होणं मालकाच्या स्वभावावर अवलंबून असेल, तर त्याला कामगाराचा हक्क कसं म्हणायचं?

बाजारपेठेतल्या रात्रीच्या गुरख्याची गत याहून अवघड. एक वाजून गेल्यावर काठी रस्त्यावर आपटल्याचा आवाज येतो, मग लांब शिट्टी, मग शटरच्या कुलपाला हात लावून पाहिल्याची खडखड. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तोच माणूस भरदुपारी, झोपेने जड झालेले डोळे घेऊन, वही हातात धरून दुकानादुकानांतून वीस-पन्नास रुपये गोळा करतो. कुणी देतं, कुणी पुढच्या महिन्यावर टाकतं. सगळ्या बाजारपेठेची राखण तो करतो, पण त्याचा मालक म्हणून सही करील असं एकही दुकान नाही. त्याला रात्री मार लागला, साप चावला, वाहनाने उडवलं, तर भरपाई कुणाकडे मागायची? सगळ्यांचं काम म्हणजे कायद्याच्या नजरेत कुणाचंच नाही.

गाडीवरची ती उचलीची रीत आपल्याकडे ऊसतोडीतून ओळखीची आहे. पाटस आणि न्हावऱ्याच्या साखर कारखान्यांनी बीड, नगरकडच्या कोयत्यांच्या टोळ्या वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. तिथेही पिळवणूक आहे, उचलीचं ओझं आहे, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तिथे मुकादम आहे, कारखाना आहे, टोळीशी झालेला करार आहे, संघटना आहेत, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला इथे मत आहे, त्यामुळे पुढारी त्याची दखल घेतो. नेपाळी कामगाराकडे यांतलं काहीच नाही. तो मतदार नाही, टोळीत नाही, एकेकटा विखुरलेला आहे. म्हणून ऊसतोड मजुरापेक्षाही कागदाची गरज त्याला जास्त आहे.

आपल्याकडे येणारा नेपाळी माणूस इतका हतबल का, याचा अंदाज नेपाळच्या जनगणनेवरून येतो. 2001 साली देशाबाहेर गेलेल्या नेपाळी माणसांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त भारतात होती. 2011 पर्यंत हा वाटा शंभरात 38 च्या आसपास आला. बाहेर जाणारे कमी झाले नाहीत, उलट या दहा वर्षांत त्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. पण ती आखातात आणि मलेशियात गेली. या आकड्यांना जपून हात लावायला हवा. उघड्या सीमेवरून हंगामी येणारा माणूस मोजणीत निसटतो, आणि आखातात पगारही जास्त मिळतो. तरी एक गोष्ट राहतेच. कतार किंवा मलेशियाला जायचं तर पासपोर्ट हवा, मनपॉवर कंपनीचे पैसे हवेत, नेपाळ सरकारची श्रम स्वीकृती हवी. ज्याला हे जमतं तो तिकडे जातो. ज्याला जमत नाही, ज्याच्याकडे गहाण टाकायलाही काही नाही, तो आपल्याकडे येतो. म्हणजे शिरूर-दौंडच्या गाड्यांवर उभा राहणारा माणूस बहुधा त्या देशातल्या सगळ्यात गरीब घरातला असतो. श्रम स्वीकृती घेऊन गेलेला कामगार परदेशात दगावला तर नेपाळच्या वैदेशिक रोजगार बोर्डाच्या कल्याणकारी कोषातून कुटुंबाला मदत मिळते. भारतात येणाऱ्याला श्रम स्वीकृती लागतच नाही, म्हणून तो त्या कोषाच्याही बाहेर राहतो. दोन्ही देशांनी त्याला इतकं आपलं मानलं की त्याची जबाबदारी दोघांपैकी कुणावरच राहिली नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

कुणी म्हणेल, कागद असून काय मोठं होतं? कतारच्या स्टेडियमवर राबलेल्या नेपाळी कामगारांकडे करार होते, तरी पासपोर्ट काढून घेतले गेले, पगार अडकले. हे खरं आहे आणि आखात काही स्वर्ग नाही. पण त्या कामगारांच्या तक्रारी जगभर पोचल्या, चौकशा झाल्या, कतारला कायदे बदलावे लागले, कारण कोण कुणाकडे कामाला होता हे दाखवता येत होतं. युरोपातल्या अँडोरासारख्या चिमुकल्या डोंगरी देशाचंच घ्या. फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या या देशात बर्फाच्या हंगामात हॉटेलांना बाहेरची माणसं लागतात. सरकार हंगामी परवान्यांचा कोटा ठरवतं, मालकाचा करार आणि वैद्यकीय तपासणी मागतं. कामाच्या शोधात निघालेल्या माणसाला हे जाचक वाटतं, आणि ते जाचक आहेच. नेपाळी माणसावर आपणही असा परवाना लादावा, असं माझं बिलकूल म्हणणं नाही. 1950 चा खुलेपणा मौल्यवान आहे, तो तसाच राहावा. मला त्या परवान्यामागचा फक्त करार हवा आहे.

दुसरी हरकत छोट्या मालकांची, आणि ती मी गंभीरपणे घेतो. दोन माणसांच्या गाडीवाल्याने पीएफ, मस्टर, नेमणूकपत्र कुठून सांभाळायचं? नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये नेमणूकपत्राची तरतूद आहे, पण ती ज्या संहितेत आहे ती मुळात दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे, म्हणजे चायनीजची गाडी तिच्यातून बाहेरच पडते. मात्र किमान वेतन आणि वेळेवर पगार हा हक्क काम करणाऱ्याचा आहे, त्यात नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. आणि मी जो कागद म्हणतो तो सरकारी नमुन्याचा नाही. उचलीची वही दोन प्रतींत ठेवायला, महिन्याच्या शेवटी दोघांनी सही करायला खर्च शून्य आहे. बँकेत खातं असेल तर पगार खात्यात टाकता येतो. नेपाळला पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची योजना 2008 पासून आहे. 182 दिवस भारतात राहिलेल्या नेपाळी नागरिकाला आपली कागदपत्रं दाखवून आधारही काढता येतं. रोख रक्कम कमरेला बांधून तीन दिवसांचा प्रवास करायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

"त्यांनाच कागद नको असतो" हेही ऐकू येतं. काही अंशी बरोबर आहे. कपात होईल, अडकून पडू, दसऱ्याला गावी जाता येणार नाही, या भीतीने ते लेखी काही नको म्हणतात. दशैं हा त्यांचा वर्षाचा सण, त्यासाठी नोकरी सोडायचीही त्यांची तयारी असते. पण हिशेबाच्या कागदाने कुणी अडकत नाही, उलट तो असला तर माणूस निश्चिंतपणे जाऊन परत येतो. मग येतो सगळ्यात तापलेला मुद्दा, आमच्या पोरांना काम नाही आणि तुम्ही बाहेरच्यांची बाजू घेता. एमआयडीसीच्या गेटवर स्थानिकांना नोकऱ्या मिळाव्यात ही मागणी रास्त आहे. पण स्थानिक पोराची मजुरी पडते ती लेखी काहीच नसलेल्या, वाटेल तितके तास राबणाऱ्या माणसामुळे. त्याच माणसाला पुरी मजुरी आणि ठरलेले तास मिळाले तर स्वस्त म्हणून त्याला ठेवण्याचं कारणच उरत नाही. इथे स्थानिकाचं आणि परक्याचं हित एकच आहे. सुरक्षेचंही तेच. चोरीच्या बातमीत 'नेपाळी नोकर' एवढंच छापून येतं आणि मग गावातल्या प्रत्येक नेपाळ्याकडे संशयाने पाहिलं जातं. ज्याची नागरिकता, म्हणजे नेपाळचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, नोंदलेली आहे, ज्याचं पूर्ण नाव आपल्याला माहीत आहे, तो आपल्यासाठीही सुरक्षित आणि आपल्यापासूनही सुरक्षित. बहादूर हे नाव नव्हे. शिवाय तशा चेहऱ्याचा, नेपाळी बोलणारा प्रत्येक जण परदेशी नसतोच. दार्जिलिंग-सिक्कीमचे कितीतरी जण भारतीय आहेत, आणि नेपाळी ही 1992 पासून आपल्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली भाषा आहे. नाव विचारल्याशिवाय हे कळायचं कसं?

म्हणून शिरूर-दौंडच्या हॉटेलवाल्यांना, गाडीवाल्यांना, सोसायट्यांना आणि व्यापारी संघटनांना माझी विनंती आहे. बाजारपेठेच्या गुरख्याला व्यापारी संघटनेने एकत्र, एका सहीने नेमावं आणि पगार एकाच तारखेला द्यावा. आणि यंदा दसऱ्याच्या आधी जो कोणी गावी निघेल, त्याच्या हातात पैशांबरोबर हिशेबाचा एक कागद द्या. त्यावर त्याचं पूर्ण नाव, कामाचे महिने, दिलेली रक्कम, बाकी असेल तर बाकी, आणि खाली तुमचं नाव, गाव, तारीख, सही.