हप्ता बघितला, लेबल वाचलं नाही



आज पिकाची नोंद नाही. सोयाबीनची पट्टी हातात आली आणि त्याच आठवड्यात त्यातली बरीचशी दवाखान्यात गेली. चूक माझी होती, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून लिहितोय.

आईचं वय ६७. तिचा ३ लाखांचा खासगी आरोग्य विमा काढलेला, तिसरं वर्ष चालू. त्या रात्री पोटात असह्य दुखायला लागलं, जवळच्या दवाखान्यात नेली. पित्ताशयात खडे, ऑपरेशन करावं लागलं. म्हातारीला निवांत पडता यावं म्हणून ५ हजार रुपये रोजाची खोली घेतली. पॉलिसीत खोलीची मर्यादा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३ हजार. मला वाटलं, वरचे २ हजार आपण भरू. चार दिवसांचे आठ हजार, त्यात काय एवढं?

हिशोब तसा नसतो. खोली ३ ऐवजी ५ हजाराची घेतली की डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात, म्हणजे ६० टक्केच धरतात. आमचं बिल १ लाख २० हजार. त्यातली ४० हजारांची औषधं आणि तपासण्या पूर्ण धरल्या. उरलेल्या ८० हजारांचे ४८ हजार झाले. एकूण ८८ हजार मंजूर. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे आपला वाटा, १७,६००. कंपनीने दिले ७०,४००. घरचे गेले ४९,६००.

कंपनीने फसवलं असं म्हणता येत नाही. सगळं कागदावर होतं. फवारणीच्या बाटलीवरचं लेबल मी चष्मा लावून वाचतो, आणि आईची पॉलिसी मात्र फक्त हप्ता बघून घेतली.

एक गोष्ट बरी केली होती. एजंट म्हणाला होता, "शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल." मी लिहायला लावलं. लपवलं असतं तर ७० हजारही अडकले असते.

आता शिकलो ते असं :

१. आधी सरकारी बघा. ७० पूर्ण झालेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. खासगी विमा असला तरी चालतं. वडिलांचं काढलंय. महात्मा फुले योजनाही आहे, पण उपचार आणि दवाखाना दोन्ही यादीत लागतात. आम्ही गेलो तो दवाखाना यादीत नव्हता. जवळचे यादीतले दवाखाने आजच लिहून ठेवा.

२. खासगी घेताना चार गोष्टी विचारा : खोलीची मर्यादा किती, को-पे किती, जुन्या आजाराला किती वर्षं थांबायचं, आणि मोतीबिंदू, हर्निया, गुडघा यांना किती. जुन्या आजाराची मुदत आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे.

३. "६५ च्या पुढे मिळत नाही" हे आता खरं नाही, २०२४ मध्ये ती वयाची अट निघाली. पण हप्ता जास्त असतो आणि तपासणी करून कंपनी नाहीही म्हणू शकते. वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटी मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय.

४. पॉलिसी हातात आली की ३० दिवसांत वाचा. पटली नाही तर परत करता येते. सोपा माहितीपत्रक कागद मराठीत मागा.

५. क्लेम चुकीचा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्याला फी लागत नाही.

आईची पॉलिसी फेब्रुवारी अखेरीस संपते. कंपनी बदलायची तर ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो, झालेली वर्षं धरली जातात. अर्ज करणार आहे, पण नवीन कंपनी हो म्हणेपर्यंत जुनी बंद करणार नाही.

काल आई म्हणाली, "माझ्यापायी तुझं सोयाबीन गेलं रे." म्हटलं, "सोयाबीन पुढच्या साली परत येईल, आई."

तिला हे सांगितलं नाही, की खोली मी निवडली होती.

घरातल्या म्हाताऱ्यांची पॉलिसी आज रात्री काढा, आणि चष्मा लावून वाचा.