रोज दुपारी दीड

सोयाबीनचा हंगाम ऐन भरात होता आणि कारंज्याच्या एका अडतीवरून रोज दुपारी फोन यायचा, "भाऊ, पुन्हा अडकलं नं." हिशेबाचं विंडोज प्रॉक्समॉक्सवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालायचं, आणि ते बसवून दिलेलं मीच. अडकलं की पडद्यावरचं घड्याळसुद्धा थांबायचं. बाहेर ट्रॉल्यांची रांग, आत हिशेबपट्टी निघेना.

मी आधी अँटिव्हायरसवर संशय घेतला, मग रॅमवर. तिसऱ्या दिवशी मुनीमजीच म्हणाले, "दीडच्या आधी कधी नाही अडकत हे." दीड म्हणजे बॅकअपची वेळ! शेठ रात्री मेन स्विच पाडूनच कुलूप लावतात, म्हणून बॅकअप मी जेवणाच्या सुट्टीत ठेवला होता. हंगामात सुट्टी कुणाला असते?

बॅकअप माडीवरच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवण-पेटीवर जायचा. वैतागून मी नॅसचा प्लगच उपटला आणि होतं तेही घालवलं. नॅसला सर्व्हरशी जोडणारं एनएफएसचं माउंट 'हार्ड' असलं, की पलीकडून उत्तर येईपर्यंत प्रोसेस ठाण मांडून बसते. कधीकधी तर बळजबरीनं बंद करणाऱ्या 'किल नाइन'लाही दाद देत नाही.

पण बॅकअप तर नुसता वाचतो, मग विंडोजचं लिहिणं का अडावं? गोम इथेच होती. बॅकअपला डिस्क सुरुवातीच्या क्षणी होती तशी हवी असते. नक्कल न झालेल्या ब्लॉकवर विंडोज लिहायला गेलं, तर आधी जुना मजकूर नॅसवर पोचवावा लागतो, तोवर नवं लिहिणं ताटकळतं. म्हणजे खतावणीत एक आकडा घालायचा, तर मुनीमजींनी आधी माडीवर जाऊन जुनं पान उतरवून यायचं.

आणि माडीचा जिनाही मोडका निघाला. नॅसची केबल उंदरांनी कुरतडलेली. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात. इथे दोनच शाबूत, म्हणून वेग १०० मेगाबिटवर, सेकंदाला जेमतेम १२ एमबी. नवी केबल ओढली. अडकणं मिनिटांवरून सेकंदांवर आलं, पण संपलं नाही.

उरलेलं काम फ्लीसिंगनं केलं. प्रॉक्समॉक्सच्या ८.२ मध्ये, २०२४ साली आलेली ही सोय. जुना ब्लॉक आधी सर्व्हरच्याच एसएसडीवर टिपून विंडोजला मोकळं करायचं. नॅसकडे तो मागाहून सवडीनं जातो. सेटिंगमध्ये एक टिकमार्क, आणि त्यासाठी माझा आठवडा गेला.

दुसऱ्या दिवशी दीडला मी पोत्यांच्या थप्पीवर बसून पडद्याकडे टक लावून होतो. पट्ट्या निघत राहिल्या. पावणेदोनला मुनीमजींनी मान वर केली, "आज दीड वाजला नाही का जी?"